बाकावरची रेघ

१० ऑगस्ट १९९९, मंगळवार

माझं आयुष्य बदललं तो क्षण आज दुपारी, लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हळूहळू वर आला. कॉलेज सोडलं तेव्हा काही बदललं नव्हतं. तिसऱ्या वर्षाचं जर्नल एचओडींसमोर फाडलं, ते म्हणाले ‘गेट आउट’, मी आउट झालो. तो नुसता राग होता. राग मला रोज येतो, त्याची वही कोण ठेवतं? आजचं वेगळं आहे.

यज्ञेश्वरकाकांच्या स्टुडिओत मी जूनपासून आहे. शिकतो कमी, झाडतो जास्त. कॅमेरा कधी देणार म्हणून आज भांडलोच, तर त्यांनी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा हातात दिला. आतून काळा रंगवलेला, बाजूला सुईचं भोक, भोकावर चिकटपट्टी. आत भोकासमोर फोटोचा कागद बसवायचा, पट्टी काढायची, थांबायचं, पट्टी लावायची. झाला फोटो.

“काका, जगात डिजिटल यायला लागलंय आणि तुम्ही मला डबा देता?”

“जगाला येऊ दे, इंजिनिअर. तुला अजून काही येत नाही.”

डबा खिडकीच्या कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून ठेवला. आभाळ भरलेलं, म्हणून भोक बराच वेळ उघडं ठेवलं. आधी कागदावर काळ्याचं पांढरं आलं. त्यावर दुसरा कागद दाबून खरा फोटो काढला, आणि बघतो तर स्वारगेटचा रस्ता रिकामा! पीएमटीच्या बसगाड्या नाहीत, रिक्षा नाहीत, माणसं नाहीत. जे हललं ते गेलं. जे थांबलं तेवढंच राहिलं. समोरच्या इमारतीच्या पाट्यांची मोठी अक्षरं स्पष्ट आली होती. खाली फरसाण, झेरॉक्स. वर वधू-वर सूचक मंडळ. आणि जिन्याच्या तोंडाशी एकच माणूस. चष्मा, खांद्याला पर्स, मान किंचित वर.

हेमा. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास आहे, तिथं ती सी प्लस प्लस शिकवते. जूनमध्ये पासपोर्ट फोटोला आली होती. चष्मा बोटानं वर सारत म्हणाली होती, “डोळे मिटले असतील तर पैसे परत ना?” त्या दिवसापासून मी जिन्यातल्या पावलांवरून तिला ओळखतो.

सगळं शहर पळून गेलं आणि ती एकटी थांबून राहिली. तीही आमच्या खिडकीकडे तोंड करून. याचा अर्थ मी लिहीत नाही. लिहिला तर दृष्ट लागेल.

१२ ऑगस्ट

जिन्यात गाठलं. फोटो दाखवला. तिनं तो उजेडाकडे धरून खूप वेळ बघितला.

“एवढ्या गर्दीत मी एकटीच?”

“तू हलली नाहीस. कुणाची वाट बघत होतीस?”

“आईची. ती वर गेली होती.”

“फरसाण आणायला?”

“फरसाण खाली आहे, सुदर्शन,” असं म्हणून हसली आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेली.

नाव घेऊन बोलली. आईचं निमित्त छान शोधलं.

२२ ऑगस्ट, रविवार

काकांचा या आठवड्याचा अभ्यास: स्टुडिओतली एक लाकडी खुर्ची आणि एक सबंध रोल. दुसरं काही काढायचं नाही. पहिली दहा चित्रं काढून झाल्यावर मला खुर्चीचा राग आला. दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग काल संध्याकाळी ऊन खिडकीतून आडवं आलं आणि खुर्चीची सावली खुर्चीपेक्षा मोठी होऊन भिंतीवर चढली. मी ओरडलोच.

काका म्हणाले, “दिसली? खुर्ची तीच. तू बदललास की उजेड बदलला, ते ठरव.”

त्यांना सरळ बोलता येत नाही. पुण्यात बहुतेक कुणालाच येत नाही. आमच्या अकोल्यात माणूस तोंडावर सांगतो, तू गाढव आहेस म्हणून.

४ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस मला कुणी परत देईल का?

एकाच चौकटीत दोन फोटो काढायचे, हा नवा अभ्यास. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकायचा, क्लिक. रोल पुढं सरकू न देता कागद दुसऱ्या अर्ध्यावर धरायचा, परत क्लिक. अशानं एकच माणूस स्वतःशीच पत्ते खेळताना दाखवता येतो. काका म्हणाले, तूच बस दोन्हीकडं, तुझं स्वतःशी भांडण चाललेलंच असतं.

दुपारी काका जेवायला गेले होते. हेमा डबा खायला खाली आली, कारण वर क्लासमध्ये एसी तिला बाधतो. (एसी कॉम्प्युटरसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं तिचे सर म्हणतात.) तिला युक्ती सांगितली.

“मग मला बसव ना. एकीकडं मी, एकीकडं तू.”

तीच म्हणाली. मी नाही.

स्टुडिओत बागेचं चित्र रंगवलेला पडदा आहे, त्याच्यापुढं एक बाक. ती डाव्या टोकाला बसली. मी भिंगाचा उजवा भाग झाकून क्लिक केलं. मग ती उठली, मी उजव्या टोकाला बसलो, बटण तिनं दाबलं. “रिकाम्या जागेकडं असं काय बघतोस? कुणी बसलंय का तिथं?”

“आता नाही,” मी म्हणालो.

तिनं चष्मा वर सारला. पोळीचा एक तुकडा लोणच्यासकट माझ्या हातावर ठेवला. गोडसर लोणचं. यांच्याकडं लोणच्यातसुद्धा गूळ!

७ सप्टेंबर

निगेटिव्ह धुतली. आम्ही दोघं एका बाकावर आहोत. मी तिच्याकडं बघतोय, ती समोर. फक्त मध्ये, जिथं दोन अर्धे भाग जुळतात तिथं, वरपासून खालपर्यंत एक अंधुक काळसर रेघ आहे.

काकांना विचारलं, ही कशी घालवायची?

“कागद कितीही नीट धर, थोडी राहतेच. अजिबात नको असेल तर दोघांना एका वेळी बसवायचं. तेवढं जमत नाही म्हणून तर ही युक्ती.”

प्रिंट नाही काढली. ती अशी घाईत, गिऱ्हाइकांच्या फोटोंमध्ये नाही काढायची.

२७ सप्टेंबर

गणपती झाले. एकशे एक मंडळांचे फोटो काढून खांदे गेले. हेमा जिन्यात दिसते, पण घाईत असते. परवा तिच्या हातात दुसऱ्या कुठल्यातरी स्टुडिओचं पाकीट होतं. मी विचारलं तर पर्समध्ये टाकलं. “भयंकर आलेत. फ्लॅश मारून मारून भूत केलंय माझं.”

मला राग आला. तिच्यावर नाही, त्या फोटोवाल्यावर. मग थोडा तिच्यावरही. आमचा स्टुडिओ असताना तिकडं कशाला जायचं?

२१ ऑक्टोबर, गुरुवार



आज हेमा तिच्या आईला घेऊन आली. मला बघायला.

वेगळं काय म्हणू? काका एका बारशाला गेलेले. दोघी आत आल्या. हेमानं जांभळी, हिरव्या काठांची साडी नेसलेली, केसात गजरा. सांगून ठेवतो, मी तिला याआधी साडीत पाहिलं नव्हतं. आई म्हणाल्या, “तूच का तो सुदर्शन? हेमा म्हणते, फोटो काढीन तर त्याच्याचकडून.”

मग त्यांनी सगळं विचारलं. मूळ गाव कुठलं, वडील काय करतात, भावंडं किती. मी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. वडील जिल्हा परिषदेत आहेत म्हणालो.

“आणि शिक्षण?”

“इंजिनिअरिंग. म्हणजे, चालू होतं.”

“होतं?” त्यांनी बशी खाली ठेवली. “चालू होतं म्हणजे बंद आहे, असंच ना?”

हेमा म्हणाली, “आई, तू फोटोला आलीयेस की इंटरव्ह्यूला?”

माझी बाजू घेतली!

मी फ्लॅशला हातही लावला नाही. हेमाला खिडकीशेजारी बसवलं, खिडकीवर पातळ पांढरी चादर लावली म्हणजे ऊन मऊ होतं. दुसऱ्या गालावरची सावली उचलायला थर्माकोलचा तक्ता आईंच्या हातात दिला. “काकू, एवढं धरता का? थोडं इकडं.” त्यांनी धरला. सबंध वेळ धरला. सासूबाईंच्या हाती थर्माकोल! असं मनात आलं आणि हसू दाबताना माझा पाय स्टँडला लागला.

आईंना रंगीत हवे होते, चष्मा काढून, एक बसलेला, एक उभा, पायापर्यंत. सगळे काढले. पण चष्म्याशिवाय ती हेमाच नव्हती, दूरचं न दिसणारी कुणीतरी बाई होती. मी म्हणालो, “एक माझ्यासाठी. चष्म्यात. ब्लॅक अँड व्हाइट.”

“हल्ली काळापांढरा कोण काढतं?” आई म्हणाल्या.

“असू दे गं,” हेमा म्हणाली.

मी दुसरा कॅमेरा घेतला. ती अवघडून बसली होती. मी कॅमेऱ्यामागून म्हणालो, “डोळे मिटले तर पैसे परत.” तिचं बोट चष्म्याकडं गेलं, तोंड उघडलं, ती मला काहीतरी उत्तर देणार होती, तेवढ्यात मी क्लिक केलं.

जाताना आई म्हणाल्या, “प्रत्येकाच्या तीन-तीन कॉप्या हव्यात. पोस्टकार्ड साइज.”

एक घरी, एक पर्समध्ये, आणि तिसरी? तिसरी कुणासाठी ते मला ठाऊक आहे.

काकांना संध्याकाळी सगळं सांगितलं. जांभळी साडी, काकू, तीन कॉप्या. ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, “प्रिंट्स नीट काढ. घाई करू नकोस.” आणि रस्त्यापलीकडं सिगारेट ओढायला गेले. दोन वर्षांपूर्वी सोडली होती म्हणे.

८ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीला घरी गेलो नाही. पीसीओवरून अकोल्याला फोन लावला. आई म्हणाली, “काऊन नाई आला रे? चकल्या ठेवल्या हायेत डब्यात.” मागं बाबांचा खोकला ऐकू आला. तेवढंच बोलणं झालं त्यांचं नि माझं.

काल संध्याकाळी गच्चीवर एक प्रयोग. कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर उघडं सोडलं आणि अंधारात फुलबाजी फिरवून हवेत तिचं नाव लिहिलं. माणूस येत नाही, नुसती अक्षरं येतात. आज धुऊन बघतो तर नाव उलटं, आरशातल्यासारखं. कॅमेऱ्याकडं तोंड करून लिहिलं की असंच होणार. मला कसं सुटलं लक्षातून?

हेमा दिवाळीआधीपासून क्लासला नाही. वर विचारलं. “मॅडम रजेवर.” जिन्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला वाजत राहतात. मी दर वेळी मान वर करतो. चष्म्यातल्या फोटोची एक जास्तीची कॉपी माझ्याकडं आहे. तिच्या अर्धवट उघडलेल्या तोंडात काय उत्तर होतं, एवढंच विचारायचंय मला. दुसरं काही नाही. दुसरं सगळं मागाहून.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आज हेमाची आई पेढे घेऊन आली.

मी उभा राहिलो. नमस्कार केला. मी मूर्ख, मी नमस्कार केला!

“तोंड गोड कर रे बाबा. तुझ्या फोटोनं काम केलं.” पेढा माझ्या हातात देऊन त्या बोलतच राहिल्या. “आधीचे फोटो पाठवले होते तर त्या लोकांकडून उत्तरच नाही. मुलगा अमेरिकेत असतो, कॉम्प्युटरमध्येच. तुझे स्कॅन करून ईमेलनं पाठवले. तो काळापांढरा मी ठेवणार नव्हते हो, हेमानंच पाकिटात घातला. म्हणाली, चष्मा लागतो हे लपवायचं कशाला? आणि त्यानं नेमका तोच धरला. म्हणतो कसा, या फोटोत ती माझ्याशी बोलतेय असं वाटतं.”

तो परवा आला, बघून गेला, ठरलं. डिसेंबरात त्याला रजा नाही, वायटूकेचं, म्हणजे दोन हजार सालाच्या कॉम्प्युटरमधल्या घोळाचं काम आहे, म्हणून येत्या रविवारीच साखरपुडा. “फोटो तुम्हीच काढायचे. खिडकीतल्या उजेडात हं, फ्लॅश नको!”

त्या गेल्या. काका डार्करूममध्ये होते. दारावर लाल दिवा पेटलेला होता. हा दिवा पेटलेला असताना दार उघडायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी, झाडू हातात देण्याच्याही आधी सांगितलेलं. मी लाथ मारली. कडी निघाली. उजेड माझ्याआधी आत शिरला. टेबलावर कागदाचा डबा उघडा होता, ट्रेमध्ये कुणाच्या तरी पंचाहत्तरीचे फोटो नुकते उमटत होते. आजी-आजोबा माझ्यादेखत काळे झाले.

“तुम्हाला माहीत होतं!”

काकांनी हात पुसले. “साडी, उभा फोटो, चष्मा काढून, तीन कॉप्या. या धंद्यात आंधळ्यालाही कळतं, सुदर्शन.” पहिल्यांदा नावानं हाक मारली.

“मग सांगितलं काऊन नाई मला?”

“तू प्रिंट जाळली असतीस.”

जाळली असती. खरंच.

ते काळ्या झालेल्या कागदांकडं बघत म्हणाले, “आता दार लाव. असून नसून सारखंच, पण लाव.”

२३ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. कॉटवर पडून पाट्या वाचत राहिलो. त्या डब्याच्या फोटोतल्या. फरसाण. झेरॉक्स. वधू-वर सूचक मंडळ. तीन महिने हा कागद माझ्या उशाशी होता.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

हेमा आली. एकटी.

“निगेटिव्हसुद्धा हव्यात. आई म्हणते, लग्न ठरल्यावर बाहेर ठेवू नयेत.”

कडी नवी बसवत होतो, हातात स्क्रू ड्रायव्हर. दोन दिवस घोकलेलं सगळं बोलायचं होतं. तुझ्या तोंडातलं उत्तर कुणाला होतं, हे त्याला माहीत आहे का, असं. ती बाकावर बसली, नेमकी डाव्या टोकाला.

“चिडलायस?”

“नाही.”

“तुझे कान लाल होतात.”

मी स्क्रू पिळत राहिलो. ती म्हणाली, “मला कळत होतं, सुदर्शन. मी नाही म्हटलं असतं तर तू जिन्यातून बघायचा थांबला असतास. तेवढं मला नको होतं. हे माझं चुकलं.” मग म्हणाली, “तो माणूस बरा वाटतो. खोटं नाही सांगत. मला तिकडं जायचंच होतं, लग्न ठरायच्या आधीपासून. वर बसून दुसऱ्यांना शिकवून शिकवून मी कंटाळले रे.”

“तो फोटो पाकिटात तूच घातलास.”

“हो. मी तशी फक्त त्या एका फोटोत दिसते. दुसरा कुठला पाठवणार?”

हे ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

निगेटिव्ह काढून दिल्या. खिडकीतली, आणि बाकावरचीसुद्धा. तिनं ती पट्टी उजेडाकडं धरली. “ही पण?”

“त्यात तू आहेस. लग्न ठरल्यावर बाहेर ठेवू नयेत.”

तिचा हात तसाच वर राहिला. मग मीच म्हणालो, “ही पट्टी तासभर माझ्याकडं ठेव. मग ने.”

तिनं विचारलं नाही कशासाठी. “रविवारी सकाळी हॉलवर घेऊन ये सगळ्या. पण येशील ना?” चष्मा वर सारला. “डोळे मिटले तर पैसे परत.”

तिची चप्पल जिन्यात वाजत गेली. वर नाही, खाली.

२८ नोव्हेंबर, रविवार

हे डार्करूममध्ये लिहितोय, लाल दिव्याखाली. काका पुढं हॉलवर गेलेत. मी रोल घेऊन यायचं आहे. कॉलेजचा फॉर्म भर, असं त्यांनी जाता जाता सांगितलं, म्हणजे म्हणाले, “स्वतःला आणि एचओडींना एका वेळी एका बाकावर बसवून बघ.” बघू.

सकाळी लवकर आलो आणि बाकावरच्या फोटोची प्रिंट काढली. एकच. मोठ्या कागदावर. आधी बाक आला, मग माझा शर्ट, मग तिचा चष्मा, सगळ्यात शेवटी मधली रेघ. ती घालवायची खटपट केली नाही. ती रेघ आहे म्हणूनच तो फोटो आहे.

डेव्हलपरमधून काढून पाण्यात टाकली. फिक्सरचा ट्रे भरलाच नाही. फिक्सरमध्ये घातली तर ती कायमची राहील, मग माझ्या उशाशी येईल, आणि मी परत पाट्या वाचत बसेन. फाडायला मात्र हात होत नाही. जर्नल फाडणारा हाच हात. फिक्सर न लावलेला फोटो अंधारात टिकतो. उजेड आला की काळा पडत जातो. त्या आजी-आजोबांसारखा, पण सावकाश.

निगेटिव्ह पाकिटात घातल्या, पाकीट बॅगेत. हॉलला पूर्वेकडं खिडक्या आहेत का, ते आधी बघायला हवं. चादर घेतली आहे. थर्माकोल धरायला या खेपेला कोण मिळतं बघू.

हेमा पाण्याखाली समोर बघतेय. मी तिच्याकडं बघतोय.

लाल दिवा घालवतो. उद्या काका दार उघडतील तेव्हा उघडतील. आज मी बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.